लघुत्वदर्शक दीर्घ ई

मराठी व्याकरणानं स्त्रीलिंगी ‘ई’वर दोन कामं एकदम लादली आहेत. बाई कोण ते तिनंच सांगायचं आणि लहान काय तेही तिनंच. लोटा मोठा, लोटी लहान. सुरा मोठा, सुरी लहान. हंडा, डबा, खुंटा, गोळा यांच्याही घरी हाच न्याय. त्यामुळे शाळेतल्या पोरांची अशी समजूत होते, की स्त्रीलिंग म्हणजे पुल्लिंगाचीच हाताळायला सोपी, कमी जागा व्यापणारी आवृत्ती. गंमत अशी, की या लघुत्वदर्शक प्रत्ययाचा स्वर मात्र दीर्घ. नामाच्या शेवटी आली की शुद्धलेखनाचा नियमच तिला ऱ्हस्व होऊ देत नाही. ज्या भाषेनं तिला लहानपण दिलं, तिनंच वेलांटीही मोठी दिली, आणि मी वेलांटीच्या बाजूचा आहे. ‘ई’ वस्तूचं माप सांगत नाही. बोलणाऱ्याचा त्या वस्तूवर किंवा माणसावर किती हक्क चालतो, ते सांगते.

पुरावा म्हणून गाडा घ्या. गाडा मोठा, गाडी लहान, इथपर्यंत व्याकरण सुखात होतं. मग 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला धूर सोडत जे धूड निघालं, त्याला मराठी माणसानं आगगाडी म्हटलं. ‘आगगाडा’ म्हणावं असं कुणाला वाटलं नाही. आज मुंबईची ‘लहानशी’ लोकल गाडी बारा-बारा, पंधरा-पंधरा डबे ओढते, आणि डबे सगळे पुल्लिंगी. यावर कुणी म्हणेल, गाडी हा शब्द रुळलेलाच होता, लोकांनी आकार न मोजता तो लावला. तेच तर म्हणतोय! आकार मोजायची आठवणच त्यांना झाली नाही, कारण कानाला त्या ‘ई’त लहानपण ऐकूच येत नव्हतं. आणि विळी म्हणजे विळ्याची धाकटी बहीण असं ज्याला वाटतं, त्यानं तिच्यासमोर मांडी घालून एकदा फणस चिरून बघावा. लोटी मात्र लोट्यापेक्षा खरंच लहान असते. मान्य; एवढी एक लोटी व्याकरणाला देऊन टाकू.

खरी मौज नावांत आहे. यमुनेची यमी, गंगेची गंगी, सुमनची सुमी झाली म्हणून कुणाची उंची बोटभरही घटत नाही. घटतं ते बोलणाऱ्याचं भिडस्तपण. याच नावांना ‘ऊ’ लावला तर लाड होतो. लाडाची ती यमू आणि भांडी घासायला बोलावलेली ती यमी, हा भेद जुन्या वाड्यांतून इतका पक्का होता, की नुसती हाक ऐकून कोण कुठल्या दारानं येणार ते कळावं. एका स्वराच्या फरकानं माणसाची पायरी ठरवणारी ही सोय आपण व्याकरणाच्या पुस्तकात ‘लघुत्व’ या निरुपद्रवी शब्दाखाली झाकून ठेवली आहे.

पुरुषांचंही गण्या, बंड्या होतंच की, मग तक्रार कसली, असं विचारलं जाईल. होतं, पण बंड्याला पुढे बंडोपंत व्हायला नुसतं वय पुरतं. यमीला ‘बाई’ व्हावं लागतं, नाहीतर ‘आई’. तरीही हक्काचं माझं म्हणणं इथं उलट बळकटच होतं. जनाबाई अभंगात स्वतःला जनी म्हणवते आणि पंढरीच्या देवाला थेट विठ्या म्हणून झापते. म्हणजे विठोबा आखूड झाला का? तिचा अधिकार तेवढा लांब गेला. तोच देव दुसऱ्या क्षणी विठाई होतो. तिथं शेवटी ‘ई’ आहे, पण ती पदरात आई घेऊन आलेली. मुक्ताई, रमाई यांतलीही तीच. भावंडांत धाकटी असलेल्या मुक्तेला ‘आई’ जोडताना वारकऱ्यांनी तिचं वय विचारलं नाही. रमाबाई आंबेडकर समाजासाठी रमाई झाल्या, पण बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला, तो ‘रामू’ या नावानं. बाई तीच, एक नाव लेकरांच्या तोंडचं, एक नवऱ्याच्या. मोठं कुठलं आणि छोटं कुठलं, हे ठरवायला फूटपट्टी घेऊन बसणाऱ्याचं अवघड आहे.

आणि कोकणाच्या टोकाला, मालवणीत, ‘चेडू’ थेट नपुंसकलिंगी. तिथं लहान मुलीच्या वाट्याला ‘ई’सुद्धा येत नाही, तरी लाडात काही कमी पडत नाही.

हल्लीचे आईबाप मात्र फार सावध आहेत. मायरा, कियारा, आर्या अशी ‘ई’ला थाराच न देणारी नावं ते शोधून काढतात, म्हणजे पुढं कुणी तोडमोड करायला नको. पण मायरानं दुधाचा ग्लास गालिच्यावर उपडा केला, की आतून आजीची हाक येते, “मायरेऽ!” हाकेच्या रूपातून मागं गेलात, तर तिथं मायराच्या शेजारी ‘मायरी’ही केव्हाची तयार होऊन बसलेली असते, आणि नाव ठेवताना तिला कुणीही बोलावलेलं नसतं.