बेसनराव, यादीत या!

रा. रा. बेसनराव हरभरे यांस,
मु. पो. नाशिक, घरोघरी.

स. न. वि. वि.

आपण मजेत असणारच. सकाळी मिसळीवर शेव होऊन मिरवता, दुपारी पिठल्यात रटरटता, संध्याकाळी भज्यांबरोबर कढईत उतरता. चिवड्यात डाळ्यांच्या वेषात असता, कढी फुटू नये म्हणून तिच्यात चमचाभर, आणि होळीला पुरण होऊन थेट नैवेद्याच्या ताटात. अशा प्रतिष्ठितावर आरोप करायचा कुणी? शेंगदाणा बिचारा जगभर बदनाम झाला. तुमच्याकडे बोट दाखवायला कुणी धजत नाही.

तसं एकदा दाखवलं गेलं होतं. २००१ साली पाटील, निफाडकर आणि बापट या मुंबईच्या संशोधकांनी अ‍ॅलर्जीविषयक नियतकालिकात लिहिलं, की हरभरा हा भारतीय उपखंडातला अ‍ॅलर्जीचा एक मोठा गुन्हेगार आहे. निफाडकर! म्हणजे आमच्या नाशिककरांच्या दृष्टीने घरचाच आहेर. पण आपल्या केसालाही धक्का लागला नाही. २०२० च्या लेबलच्या नियमांत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अ‍ॅलर्जीसाठी वेगळी सूचना छापायला लावली ती गहू वगैरे ग्लुटेनवाल्या धान्यांसाठी, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदाम, सोयाबीन आणि सल्फाइटसाठी. आपलं नाव नाही. अभिनंदन! पाकिटावर निदान घटकांत तरी आपण सापडता. पण फरसाणाच्या दुकानात किलोवर तोलून घेतलेल्या पुडीवर काय वाचायचं?

शिवाय आपला बचाव तयारच असतो: पित्त. पोराच्या अंगावर लाल गांधी उठल्या, ओठ सुजले, की घरात निदान होतं, ‘पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा.’ आपण बाजूला उभे राहून हळहळता. पिठलं खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, तोंडाला खाज, गांधी, उलटी सुरू झाली आणि हे दर वेळी त्याच पदार्थानंतर होऊ लागलं, तर ते आमसुलाचं काम नव्हे. पोटात गुबारा धरणं वेगळं. ती आपल्यातल्या न पचणाऱ्या साखरांची आतड्यातली करामत. तिने माणूस हैराण होतो, मरत नाही.

आपले साथीदारही प्रेमळ. ‘थोडं खा रे, सवय होईल’ म्हणणारी आत्या आणि ‘आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही’ म्हणणारे काका. त्यात साबुदाणा वडा भज्यांच्याच तेलात तळला, की आपण तिथेही हजर. मसूर आणि वाटाणा हे आपले चुलतभाऊ काहींना आपल्याइतकेच छळतात, म्हणून त्यांचीही चौकशी डॉक्टरांकडून करून घ्यावी लागते. मात्र रक्ताच्या एकाच तपासणीत शंभर पदार्थांची यादी आणून मुलाचं अर्धं जेवण बंद करणाऱ्यांनाही दंडवत! तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे अ‍ॅलर्जी ठरत नाही. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, हा इतिहास जुळावा लागतो. शंका उरलीच, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं खाऊ घालून पाहतात. स्वयंपाकघरात हा प्रयोग करायचा नसतो.

आणि कधी घसा आवळला, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, चक्कर आली, तर खाजेची गोळी देऊन वाट पाहत बसायचं नाही. ती गोळी खाज थांबवते, श्वास मोकळा करत नाही. तिथे औषध एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. परदेशात ते पेनासारखं खिशात घालून फिरतात. आपल्याकडच्या औषध-दुकानांत तसं पेन सहज मिळत नाही, म्हणून १०८ ला फोन करून जवळचं रुग्णालय गाठायचं. रुग्णाला झोपवायचं, श्वास लागत असेल तर बसू द्यायचं, उठवून चालवायचं नाही. बरं वाटलं तरी काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचं, कारण आपण परतून येता.

बेसनराव, तुम्हाला नाशिकमधून हद्दपार करा अशी मागणी नाही. तसं केलं तर शहर उपाशी राहील. पण फरसाण, चिवडा आणि मिसळ विकणाऱ्या सर्वांना विनंती आहे: दुकानात एक पाटी लावा, कशात बेसन आहे आणि कुठल्या कढईत काय तळलं आहे ते लिहा. कायद्याच्या यादीत नाव येईपर्यंत निदान त्या पाटीवर तरी या.

आपला,
एक नाशिककर