आजारपणाची हद्द

मुक्काम कस्टर, साउथ डकोटा
दि. 14 जून 2025

तीर्थस्वरूप दादांस,

बापूचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण वैशाख वद्यात वाईहून धाडलेले पत्र प्रथम आमच्या कायमच्या पत्त्यावर, आणि तेथून पुनश्च टपालात पडून, परवा या छावणीच्या कचेरीत हाती आले. राहते घर विकून मोटारघरातून देशभर हिंडण्याचे हे खूळ कोणाचे, अशी आपली पहिली पृच्छा आहे. तिचे उत्तर सौ. स्वतंत्र पत्राने देणार आहे, कारण त्या विषयाचे संपूर्ण दप्तर तिच्याकडे आहे. या वयात परमुलखात दुखलेखुपले तर पाहणार कोण, ही आपली दुसरी पृच्छा माझ्या वाट्यास आली असून, तिचे उत्तर देण्यास कागद पुरतो की नाही, एवढीच काय ती शंका आहे.

आपणांस सत्तरी ओलांडल्याबद्दल सरकारने आयुष्मानचे कार्ड दिले; आधार दाखविले, अंगठा टेकविला आणि वर्षाकाठी पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची तरतूद झाली. येथील वृद्धांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी योजना आहे. अध्यक्ष जॉन्सन यांनी 30 जुलै 1965 रोजी मिसुरीतील इंडिपेंडन्स या गावी, वयोवृद्ध माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या समक्ष, तिच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि पहिले कार्ड ट्रुमन यांच्याच हाती ठेवले. ते कार्ड घेताना ट्रुमन यांना फारसे फॉर्म भरावे लागले नसावेत असा माझा तर्क आहे. त्यांच्यामागून आलेल्यांनी तेवढा वचपा काढला आहे.

वयाची पासष्ट वर्षे पुरी झाली की ही योजना लागू होते, आणि या कामी आपल्या हेडगुरुजींचे मजवर अनंत उपकार आहेत. शाळेत नाव घालतेवेळी आईस तिथी ठाऊक होती, तारीख नव्हती. आणि पंचांग धुंडाळण्यापेक्षा 1 जून लिहून टाकणे गुरुजींस सोयीचे वाटल्यामुळे, श्रावणात जन्मलेला मी, कार्तिकात जन्मलेले आपण आणि आपल्या आळीतील निम्मी प्रजा सरकारदरबारी एकाच दिवशी जन्मास आलो. येथील नियम असा आहे की, जो महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मला त्याचे मेडिकेअर मागील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू व्हावे. सबब श्रावणास पुष्कळ अवकाश असतानाच, 1 मेपासून, अमेरिकन सरकारने मला वृद्ध म्हणून मान्य केले. अर्जाची मुदत एकंदर सात महिन्यांची असते, आणि नोकरीचा विमा चालू नसताना ती हुकविणाराच्या हप्त्यावर दर बारा महिन्यांच्या विलंबामागे दहा टक्के दंड चढतो, तोही बहुधा तहहयात. आपण अव्वल कारकून असताना असे एखादे कलम हाती असते, तर शेतसाऱ्याची थकबाकी तालुक्यात औषधालाही उरली नसती.

आता योजनेचे स्वरूप; आकडे सारे 2025 सालचे. भाग ए हा इस्पितळाचा. दहा वर्षे नोकरी करून पगारातून 1.45 टक्के कापून दिलेल्या मनुष्यास त्याचा हप्ता पडत नाही, मात्र इस्पितळात दाखल होताच पहिले 1,676 डॉलर ज्याचे त्याने मोजावयाचे. भाग बी हा डॉक्टरांचा. त्याचा हप्ता दरमहा 185 डॉलर, वर्षारंभीचे पहिले 257 डॉलर आपले, आणि त्यापुढील खर्चाचे ऐंशी टक्के सरकारचे व वीस टक्के रोग्याचे. वीस हा आकडा दिसावयास सौम्य आहे. परंतु त्यास वरची मर्यादा मुळीच घातलेली नाही, आणि येथील हृदयाच्या शस्त्रक्रियेचे बिल ज्याने एकदा पाहिले आहे, त्यास त्याचा विसावा भागही सौम्य वाटत नाही, मग पाचव्याची कथा काय?

हे वीस टक्के कोणी वाहावेत, या एका प्रश्नावर या देशातील म्हातारपण दोन पंथांत विभागलेले आहे. पहिला पंथ ॲडव्हान्टेजचा. यात सरकारी योजनेच्या जागी एका खाजगी कंपनीचा अंमल येतो. भाग बीचा हप्ता सोडला तर बहुधा वेगळे काही द्यावे लागत नाही, वर दात, चष्मा आणि व्यायामशाळेची वर्गणी अशी दक्षिणाही मिळते. आणि जाळ्यातील डॉक्टरांकडेच गेल्यास वर्षाचा आपला खर्च 2025 साली फार तर 9,350 डॉलरांवर थांबतो. पासष्टी जवळ येताच या कंपन्यांच्या पत्रकांनी आमचा टपालाचा खण असा भरून जाऊ लागला की, आपले पत्र त्यांतून सापडले हेच नवल. परंतु ही योजना परगण्यापुरती असते. ज्या परगण्याचे आपण रहिवासी, त्याच्याच डॉक्टरांच्या याद्या. बाहेर छातीत कळ आली किंवा हाड मोडले तर गोष्ट निराळी, तातडीचा उपचार देशात कोठेही मिळतो. पण साधा खोकला, रक्तदाब, गुडघा, तपासणी यांसाठी स्वगृही परतावे अशी अपेक्षा असते, आणि साधारणतः सलग सहा महिन्यांहून अधिक काळ परगण्याबाहेर राहिलेल्याचे नाव कंपनी खुशाल खारीज करते. गतवर्षी ॲरिझोनातील छावणीत आमच्या शेजारी मिशिगनचे एक गृहस्थ उतरले होते. त्यांचा खुबा पार झिजला होता आणि तो बदलणारा सर्जन छावणीपासून अर्ध्या तासावर होता. पण योजनेच्या यादीतला सर्जन मिशिगनात असल्यामुळे त्या गृहस्थांनी तो खुबा ऐन हिवाळ्यात, बर्फातून, आपल्याच हाताने गाडी हाकीत सुमारे दोन हजार मैलांवर पोहोचविला. योजनेचा हप्ता शून्य होता, हे ते निघतानाही अभिमानाने सांगत होते.

दुसरा पंथ मेडिगॅपचा. यात मूळ सरकारी योजना कायम राहते आणि तिच्या उणिवा भरून काढण्यास वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. या पॉलिसींस नावे नसून केवळ अक्षरे आहेत, आणि मॅसेच्युसेट्स, मिनेसोटा व विस्कॉन्सिन ही तीन राज्ये वगळता एका अक्षराची पॉलिसी कोणत्याही कंपनीची घेतली तरी कलमे तीच. भेद काय तो किमतीचा. अक्षर पाहावे, किंमत पाहावी आणि विक्रेत्याचे मधुर भाषण ऐकू नये, इतका सोपा व्यवहार या देशात मला अन्यत्र आढळला नाही. मी प्लॅन जी घेतला. भाग बीचे ते 257 डॉलर सोडले तर मेडिकेअरने मान्य केलेल्या उपचारात माझ्या खिशास फारशी तोशीस नाही, आणि मेडिकेअर घेणारा डॉक्टर मेनपासून कॅलिफोर्नियापर्यंत कोठलाही असो, त्याच्या दारी मला परगणा विचारला जात नाही. याचे मोल दरमहा दीडशे डॉलरांच्या घरात पडते व वयागणिक वाढत जाणार आहे. छावणीतील पहिल्या पंथाचे लोक मला उधळ्या म्हणतात.

पण माझा मुद्दा हप्त्याचा नाहीच. पासष्टी पुरी करून भाग बी घेतल्यापासून सहा महिनेपर्यंत मेडिगॅपच्या कंपनीस आपल्या प्रकृतीची चौकशी करून नकार देण्याची मुभा नाही. मधुमेह असो, हृदयविकार असो, मागेल त्यास पॉलिसी दिलीच पाहिजे. ती मुदत उलटली की, काही मोजके अपवाद सोडता, बहुतेक राज्यांत कंपनी आपले वैद्यकीय दप्तर मागविते आणि त्यात काही सापडल्यास दरवाजा लावून घेते. तेव्हा आज हातपाय धड आहेत म्हणून स्वस्त पंथ धरावा आणि पंचाहत्तरीत प्रकृती ढासळल्यावर महाग पंथात शिरावे, हा शेजाऱ्यांचा हिशेब मला पटत नाही. पासष्टाव्या वर्षी ज्याच्यासाठी निवड करावयाची तो पंच्याऐंशी वर्षांचा म्हातारा मला अद्याप भेटलेला नाही. पण आपल्या घराण्याचे गुडघे पाहता तो कसा चालत असेल याचा अंदाज मला आहे.

औषधांचा भाग डी निराळाच. त्यात यंदा, म्हणजे 2025 साली, आपला खर्च 2,000 डॉलरांपुढे जात नाही, एवढे समाधान. दरवर्षी 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या काळात ती योजना बदलता येते, म्हणजे आपल्याकडे फराळाची गडबड उडते तेव्हा आम्ही गोळ्यांच्या याद्या ताडून पाहत बसणार.

हे सर्व ठरविण्यापूर्वी एक पेच सोडवावा लागला, आणि तो ऐकून आपणांस क्लेश होतील. पॉलिसी कोणतीही घ्या, पहिला रकाना पत्त्याचा. आणि आमचे घर चाकांवर. येथील पूर्णवेळ भटके यासाठी बहुधा टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा यांपैकी एखादे राज्य पत्करतात, कारण तिघांतही राज्याचा आयकर नाही आणि भटक्यांचे टपाल सांभाळणारे धंदे तेथे चांगले रुजले आहेत. आम्ही डकोटा निवडले. या राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची छावणीची किंवा हॉटेलची पावती, टपालाच्या खणाचा पत्ता आणि एक प्रतिज्ञापत्र एवढ्या कागदांवर आम्हा उभयतांस वाहनपरवाना मिळून आम्ही येथील रहिवासी झालो. रहिवासी दाखल्यासाठी आलेल्या इसमास तलाठ्याच्या अहवालाविना कचेरीची पायरी चढू न देणाऱ्या आपल्यासारख्या अधिकाऱ्यास हे खरे वाटणार नाही. सू फॉल्समधील आमच्या ‘घरी’ मी एकदा मुद्दाम जाऊन आलो. आत भिंतभर लहान खण, प्रत्येकावर आकडा, आणि त्या खणांतून कायद्याच्या दृष्टीने शेकडो कुटुंबे सुखाने नांदत होती. आमच्या खणात व्यायामशाळेचे एक पत्रक राहत होते.

खरी अडचण सौ.ची आहे. मेडिकेअर हे ज्याचे त्याला मिळते. छत्तीस गुण जुळवून केलेल्या विवाहाचीही ते दखल घेत नाही. तिला अद्याप बासष्टावे चालू असल्यामुळे, 2010 साली ओबामांनी केलेल्या कायद्याखालील विमा तिच्यासाठी घ्यावा लागला आणि त्याचे डॉक्टर डकोटा व आसपासच्या मुलखापुरते आहेत. तातडीचा उपचार तिलाही कोठेही मिळेल, परंतु तातडी नसलेले प्रत्येक दुखणे तिने या हद्दीत येऊन दुखवून घ्यावे अशी व्यवस्था आहे. मी मात्र कोठेही, कोणत्याही ऋतूत, कोणत्याही कारणास्तव आजारी पडण्यास मुखत्यार आहे, हे मी तिला एकदाच बोलून दाखविले. तेव्हापासून आमच्या प्रवासाचा आराखडा तीच ठरविते. आम्ही ऐन जूनमध्ये येथे आहोत ते ब्लॅक हिल्सची शोभा पाहण्यास, असे आपल्या सूनबाईस कळविले आहे, पण वस्तुतः तिच्या रक्ततपासणीची तारीख बुधवारची आहे. त्यात या विम्याच्या हप्त्यावर मिळणारी वाढीव सवलत 2025 अखेर संपावयाची आहे, आणि ती पुढे चालू राहावी की नाही यावर वॉशिंग्टनात खल चालला आहे. त्यामुळे दूरदर्शनवरील बातम्यांच्या वेळी मोटारघरात कोणी बोलावयाचे नाही असा दंडक आहे.

दातांचे मेडिकेअरला वावडे आहे. चष्मा आणि श्रवणयंत्र यांचेही तेच. त्यासाठी हिवाळ्यात युमा या गावी मुक्काम टाकून, सरहद्द पायी ओलांडून, मेक्सिकोतील लॉस अल्गोदोनेस येथे जाण्याचा शिष्टसंप्रदाय आहे. चार रस्त्यांच्या त्या चिमुकल्या गावात दवाखान्यावर दवाखाने असे दाटले आहेत की, पाटी दिसली म्हणजे ती दाताची धरून चालावे. रस्त्याच्या तोंडाशीच मंडळी उभी असतात आणि रामकुंडावर यजमान हेरणाऱ्या उपाध्यायांच्या तत्परतेने ‘दात? चष्मा? औषधे?’ असे विचारीत आपल्यासवे चालू लागतात. सौ.ने भाव करून दोन दाढांवर टोप्या बसवून घेतल्या. दंतवैद्य मोठा हसतमुख आणि निष्णात होता, आणि खर्च अलीकडच्या तीराच्या तिसऱ्या हिश्श्याने आटोपला. परतताना सरहद्दीवर पांढऱ्या केसांची लांबच लांब रांग लागते. अनोळखी म्हातारे त्या रांगेत एकमेकांस जबडा उघडून नवी कामगिरी दाखवितात, किंमत सांगतात, आणि ज्यास ती अधिक पडली असेल तो उरलेला वेळ गप्प राहतो.

मार्गशीर्षात आम्ही वाईस येण्याचा बेत आहे, त्यासंबंधी थोडी पूर्वसूचना. मेडिकेअर या देशाबाहेर सहसा दमडी देत नाही. माझ्या प्लॅन जीमध्ये परदेशासाठी एक कलम आहे: पहिले 250 डॉलर माझे, पुढील ऐंशी टक्के कंपनीचे, उभ्या आयुष्यात मिळून मर्यादा 50,000 डॉलर, मात्र दुखणे तातडीचे असावे आणि प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत उद्भवलेले असावे. सौ.साठी प्रवासविमा वेगळा उतरविणार आहे, सबब तिची काळजी नसावी. आमचा मुक्काम तीन महिन्यांचा असल्यामुळे, पांडवगड चढण्याचा, मेणवलीच्या डोहात पोहण्याचा आणि वहिनींच्या हातचे डाळवांगे दोन्ही वेळ जेवण्याचा कार्यक्रम पूर्वार्धातच उरकावा. उत्तरार्धात मी गणपतीच्या घाटावर बसून आपल्या कचेरीतील आठवणी ऐकेन, त्यांपासून आजवर कोणास इजा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

वहिनींस नमस्कार, मुलांस अनेक आशीर्वाद. पत्राचे उत्तर साउथ डकोटाच्याच पत्त्यावर धाडावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
बापू