वाऱ्यावर सोडलेले मूल

न्यायालयात ३१ वर्षे नाझर म्हणून चाकरी केल्यामुळे जप्ती, पंचनामा, मुचलका असल्या शब्दांचे भय मला उरलेले नाही. परंतु गेल्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला लेकीच्या घरी पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आठ महिन्यांच्या नातीला लोकरीच्या तीन थरांत गुंडाळून, मेंढीचे कातडे अंथरलेल्या बाबागाडीत निजवून, ती गाडी जावईबापूंनी उघड्या सज्जात ढकलली आणि काचेचे दार शांतपणे लावून घेतले, तेव्हा मात्र माझी वाचा बसली. बाहेर उणे सहा अंश होते.

"जावईबापू, गाडी बाहेर राहिली," मी सौम्यपणे निदर्शनास आणले.

"राहिली नाही बाबा, ठेवलीय. आता दोन तास छान झोपेल."

मुलाला वाऱ्यावर सोडणे हे आपल्याकडे निष्काळजी आईबापांचे लक्षण. त्या मुलखात ते दक्ष आईबापांचे. पाळणाघरांतली मुलेसुद्धा दुपारी बर्फाच्या साक्षीने अंगणात निजतात. शेजारच्या डेन्मार्कातही हीच वहिवाट असून, १९९७ साली एका डॅनिश आईने ती न्यूयॉर्कात चालवून मूल उपाहारगृहाच्या दाराशी गाडीत ठेवले, तर तिला अटक झाली आणि मूल काही दिवस सरकारजमा झाले. हे ऐकून अमेरिकन पोलीस खात्याविषयी मला आयुष्यात प्रथमच आपुलकी वाटली.

कारण वारा हा आमच्या घराण्याचा पिढीजात वैरी. वाईच्या ज्या खोलीत माझा जन्म झाला तिला एकच खिडकी होती आणि तिच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या असत. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा-बाळंतशेपांची धुरी, आईच्या कानांत कापूस आणि माझ्या डोक्यावर कानटोपरे, अशा बंदोबस्तातून सव्वा महिन्याने मला ओसरीवर आणले तेव्हा मी उजेडापेक्षा हवेलाच अधिक दचकलो, असे आत्या सांगे. न्हाऊ घालणारी बाई मला पायांवर पालथे घालून जे रगडीत असे, त्याची खबर स्वीडनच्या पोलिसांना लागती तर तिची धडगत नव्हती. मुलांवर घरातही हात उगारण्यास कायद्याने बंदी करणारे ते जगातले पहिले राष्ट्र, १९७९ सालापासून. मी तो कायदा आमच्या कुटुंबास समजावून दिला, तेव्हा क्षणभर विचार करून ती म्हणाली, "मग शुद्धलेखन कसं येतं हो त्यांना?"

जावईबापू भर कामाच्या दिवशी घरी कसे, ही शंका मला विमानतळापासूनच छळत होती. बडतर्फीची वार्ता लेकीने आमच्यापासून दडवली असावी, असाही तर्क मी बांधला होता. उलगडा असा झाला, की आईबाप मिळून ४८० दिवसांची रजा असते आणि त्यातले ९० दिवस बापाने न घेतल्यास बुडीत खाती जातात. माझ्या लेकीच्या जन्माच्या वेळी मी एक दिवसाची किरकोळ रजा मागितली होती. अर्जावर साहेबांचा शेरा पडला, 'आपले तेथे काय काम?' आणि खरे सांगायचे, तर मलाही त्याचे उत्तर सुचले नव्हते. वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचे मूल उचलून घेणे हा तेव्हा निर्लज्जपणा समजला जाई. माझ्या वडिलांनी मला घेतले ते एकदाच, मी विहिरीकडे रांगू लागलो म्हणून. आणि तेही बखोट धरून.

दोन दिवस मी काचेआडून पहारा केला. तिसऱ्या दिवशी ओव्हरकोट, कानटोपी आणि मफलर चढवून मी दस्तुरखुद्द सज्जात खुर्ची टाकली. नात दोन तास घोरली आणि जागी होताच लालबुंद गालांनी हसली. मला ओळीने अकरा शिंका आल्या.

नातीसाठी आमच्या कुटुंबाने भारतातून आणलेला आणि लेकीने पहिल्याच दिवशी नामंजूर केलेला ओवा-वेखंडाचा मुद्देमाल त्या रात्री सबंध माझ्यावर खर्ची पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी नात नेमाने बाहेर निजली आणि मी आत, कपाळावर वेखंडाचा लेप, छातीवर ओव्याची गरम पुरचुंडी आणि कानांत कापूस अशा थाटात पडून राहिलो. खिडकी स्वीडिश सुताराने केलेली असल्यामुळे तिला फट म्हणून नव्हतीच. तरीही कुटुंबाने माझा मफलर घेऊन तो चौकटीच्या कडेने, बोटे दुखेपर्यंत, नेटाने दाबून बसविला.