बाकीसाहेब

गेल्या मंगळवारी रविवार कारंजावर बाकीसाहेबांनी मला गाठले आणि कुशलप्रश्नाचा उपचारही न पाळता सदऱ्याच्या खिशातून हिंगाची डबी काढून ती माझ्या नाकासमोर उघडली. डबीत हिंग नव्हता, वास मात्र होता. आणि त्या वासात पाच पायांचा, पाठीला पत्र्याची जीभ असलेला एक काळा, करपलेला तुकडा निपचित पडला होता. “आयसी गेला,” ते म्हणाले, आणि मी सांत्वनाचे शब्द जुळवीत आहे तोच, गेली सहा वर्षे ज्या वाक्याने त्यांच्या प्रत्येक फिर्यादीची समाप्ती होत आली आहे, ते वाक्य त्यांनी उच्चारले, “बाकी यंत्र निर्दोष आहे.”

असा एक गृहस्थ आपल्याही परिचयात असणार, याविषयी मला शंका नाही. कोणाच्या नशिबी तो जुन्या स्कूटरसह येतो, कोणाच्या नशिबी शिवणयंत्रासह. आमच्या वाट्याला तो गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसह आला. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून चौतीस वर्षे लोकांच्या थकबाकीचा पाठलाग करण्यात गेल्यामुळे ‘बाकी’ हा शब्द त्यांच्या जिभेवर शिक्क्यासारखा उमटला आहे, आणि तरुणपणी व्हॅन शिप्ले व हजारा सिंग यांच्या तबकड्या ऐकून त्यांनी जी हवाईयन गिटार मांडीवर घेतली ती अद्याप खाली ठेवलेली नाही. तारेवरून पोलादी कांडी सरकवीत स्वर लांबवावा, तर त्या लांबलेल्या स्वराला विजेचा आधार हवा. म्हणून, वाद्यवृंद मोडून नोकरीला लागलेल्या एका मुलाकडून त्यांनी हा अ‍ॅम्प्लिफायर अठराशे रुपयांत घेतला. त्यावरचे कंपनीचे नाव घासून गेले होते. नवा घेतला असता तर आठ हजार पडले असते, सबब सहा हजार दोनशे रुपये वाचले, असा ताळेबंद त्यांनी त्याच रात्री मांडला. आणि ती बचत ते तेव्हापासून खर्च करीत आहेत.

प्रथम आवाजाचा कंट्रोल गेला. हवा होता ‘लॉग’ जातीचा. दुकानदाराने “चालतंय, काका” म्हणून ‘लिनियर’ जातीचा दिला. पहिल्यात आवाज पायरीपायरीने चढतो. दुसऱ्यात, गंगेचे पाणी घोट्याशी आहे म्हणेपर्यंत दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागावे, तसा तो बटण जरासे हलवताच अंगावर येतो. शेजाऱ्यांचे शिष्टमंडळ आले, तेव्हा बाकीसाहेबांनी त्यांना चहा दिला आणि बाकी यंत्र निर्दोष असल्याची ग्वाही दिली. पुढे स्पीकरचा कागद फाटला. भद्रकालीतल्या कारागिराकडे मंडळांचे स्पीकर छतापर्यंत रचलेले, तो म्हणाला, “काका, गणपती होऊ द्या.” गणपती झाले, तेव्हा तो म्हणाला, “नवरात्र होऊ द्या.” मार्गशीर्षात स्पीकर नव्या कॉइलसह घरी आला आणि त्याच आठवड्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. बारा-झिरो-बारा हा काही दुर्मीळ ऐवज नव्हे, पण जो मिळाला तो खोक्यात मावेना. तेव्हा खोक्याची एक बाजू कापण्यात आली, आणि त्या भगदाडाकडे बोट दाखवून बाकीसाहेब मला म्हणाले... वाचकांनी ओळखलेच असेल.

दर वेळी मेलेला भाग हिंगाच्या डबीतून बाजारात जातो. ज्या वस्तूला जगात कोणी हिंग लावून विचारीत नाही, ती हा मनुष्य अक्षरशः हिंग लावून विचारतो! योग्य जातीचा कंट्रोल नाशकात मिळेना, तेव्हा सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून, कसाऱ्याचा घाट उतरून, दादरला गाडी बदलून ते ग्रँट रोडला उतरले आणि डॉ. भडकमकर मार्ग कोठे, अशी पृच्छा करीत हिंडले. त्या रस्त्याला सारी मुंबई लॅमिंग्टन रोड म्हणते हे त्यांना ठाऊक होते. परंतु सरकारी नाव बदलल्यावर जुने वापरणे त्यांच्या सेवानियमात बसत नव्हते. कंट्रोल पस्तीस रुपयांना मिळाला. सुमारे 190 किलोमीटरचा जाण्याचा आणि तितकाच येण्याचा प्रवासखर्च त्यांनी वहीत यंत्राच्या खात्यावर न टाकता ‘किरकोळ’ या सदरी टाकला.

या उद्योगाची कोणी थट्टा केलीच, तर ते अमेरिकेतल्या लिओ फेंडरचा दाखला काढतात. हा फेंडर मूळचा हिशेबनीस. मंदीत नोकरी गेली म्हणून 1938 मध्ये फुलर्टन गावी त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले, पुढे मांडीवरच्या गिटारी आणि त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर करू लागला, आणि एवढे करून त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. यातले हिशेबनीस, मांडी आणि दुरुस्ती हे तीन मुद्दे बाकीसाहेब ठासून सांगतात; चौथ्यावर मीही मौन पाळतो.

तात्पर्य, वजाबाकी करीत करीत मूळ यंत्रापैकी दोनच गोष्टी शिल्लक राहिल्या : भगदाड पडलेला खोका आणि घुमण्याचा आवाज. यंत्र सुरू करताच, तार छेडण्यापूर्वीच, त्यातून एक अखंड गुणगुण निघते. कारागिराने त्याचे कारण पहिल्याच दिवशी सांगितले होते : आतला मोठा कंडेन्सर सुकला आहे, सत्तेचाळीसशेचा नवा टाकला की आवाज बंद. हा कंडेन्सर मेन रोडच्या कोणत्याही गल्लीत चाळीस रुपयांत मिळेल; आणि पस्तीस रुपयांच्या कंट्रोलसाठी कसारा ओलांडणाऱ्या या गृहस्थाने तो सहा वर्षांत आणला नाही. मी हे आळसाच्या सदरी टाकून मोकळा झालो होतो.

मागच्या कार्तिकात सायंकाळी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा गिटार खुंटीला होती, यंत्र मात्र सुरू होते. देवापुढे वहिनी बसलेल्या. चार वर्षांपूर्वीच्या आजारानंतर त्यांना पेटीचा भाता ओढवत नाही, हे मला माहीत होते. त्या गात असतील हे माहीत नव्हते. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. यंत्रात ती एकदिश होताना त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 स्पंदनांची गुणगुण उठते, आणि पेटीच्या खर्जातली पांढरी पाच 98 च्या आसपास असते. वहिनींची पट्टी पांढरी पाच. स्वर किंचित चढा होता, वहिनीही किंचित चढ्या लागल्या होत्या, आणि बाकीसाहेब खोक्यापाशी, तंबोऱ्याच्या साथीला बसावे तसे, हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले होते. मी चपला न काढताच परतलो.

म्हणून मंगळवारी मी निमूटपणे त्यांच्याबरोबर महात्मा गांधी रस्त्यावर गेलो. मोबाइलच्या दुकानांच्या गर्दीत अंग चोरून राहिलेल्या एका सुट्या भागांच्या दुकानात, त्यांच्या नातवाच्या वयाच्या मुलाने डबी हुंगून नाक मुरडले आणि एक तयार सर्किट काउंटरवर ठेवले.

“सुटा आयसी कशाला शोधता, काका? हा पूर्ण बोर्डच घ्या. दीडशे रुपये. कंडेन्सरसकट येतो, अजिबात घुमणार नाही.”

बाकीसाहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

“चांगला आहे,” ते म्हणाले. “पण घुमणारा नाही का एखादा?”