दालनात तसबीर कुणाची? निवड समितीसाठी मार्गदर्शिका

लोकप्रिय संगीतातली थोर मंडळी निवडायचं काम गाणं येणाऱ्यांकडे कधीही सोपवू नये. ती लवकर एकमतावर येतात आणि सभा चहाच्या आधी आटोपते. समितीवर निदान एक निवृत्त बँक अधिकारी हवा. आमच्या समितीवर आमचे दाजी आहेत. वाचनालयाच्या सभागृहात सुगम आणि चित्रपटसंगीताचं दालन उभारू पाहणाऱ्या तमाम संस्थांसाठी प्रस्तुत मार्गदर्शिका आहे. तिच्यात दाजी वारंवार येतील. तो योगायोग समजावा.

कलम १. आधी प्रतीक्षाकाळ ठरवावा. अमेरिकेत क्लीव्हलँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम आहे. तिथे कलाकाराची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात येऊन पंचवीस वर्षं झाल्याशिवाय त्याचं नाव विचारात घेत नाहीत. नियम ऐकायला विचित्र वाटला तरी शहाणपणाचा आहे. तेवढ्या काळात जाहिराती विझतात, वाद निवतात आणि गाणं उरलं असेल तर उरतं. (पंचवीस वर्षं थांबूनही डोळे उघडतातच असं नाही. १९८६ साली तिथे निवडलेल्या पहिल्या गायक-वादकांत एकही बाई नव्हती. अरेथा फ्रँकलिनला पुढल्या वर्षी घेतलं.) हाच नियम इथे लावायचा तर अजय-अतुल यांचा २००४चा ‘अगं बाई अरेच्चा!’ हिशेबाला धरला, तरी २०२९ उजाडेल. दाजींना पंचवीस वर्षंही कमी वाटतात. १९७० नंतरचं कुणीच घेऊ नये, असा त्यांचा ठराव होता. कुणीतरी राम कदमांच्या ‘पिंजरा’ची आठवण केली, तेव्हा दाजींनी मोठ्या मनाने मुदत १९७२पर्यंत वाढवली. अनुभवाने सांगतो, सुवर्णकाळ कधी संपला हे ज्याच्या त्याच्या लग्नाच्या तारखेवरून काढावं. ताई समितीवर नाही, म्हणून हे वाक्य इतिवृत्तात राहिलं.

कलम २. लोकप्रियता मोजावी, पण तिच्यावर विसंबू नये. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’त अमीन सायानी गाणी पायदानावर चढवत-उतरवत. रेकॉर्डची विक्री आणि श्रोतासंघांची पत्रं हा त्यामागचा आधार. आता आकडा पडद्यावर दिसतो आणि तो भाच्यांच्या फोनवरून रात्रभरात वाढवता येतो. श्रोतासंघाला निदान पोस्टकार्डाचा खर्च होता.

कलम ३. मतभेदामुळे हे कलम छापलेलं नाही.

कलम ४. उमेदवाराचा आवाज डोळे मिटून ओळखता येणं ही पात्रतेची कसोटी मानू नये. सुमन कल्याणपूरांचं काय झालं पाहा. रॉयल्टीच्या वादात लता मंगेशकर आणि रफी काही वर्षं एकत्र गात नव्हते, तेव्हा रफींसोबतची पुष्कळ युगुलगीतं सुमनताईंनी म्हटली. लोकांनी ती ऐकली, गुणगुणली आणि बिनदिक्कत लताबाईंच्या खात्यात जमा केली. पद्मभूषण मिळायला २०२३ साल उजाडलं. आवाज सारखा वाटला तर दोष कानाचा धरावा, गळ्याचा नव्हे. याउलट लताबाई ‘आनंदघन’ या टोपणनावाने संगीतकारही होत्या. त्यांच्या तसबिरी दोन लावाव्यात का, यावर आमची अख्खी सभा गेली.

कलम ५. वादक आणि संयोजक. (हे कलम सर्वांत लांब आहे, कारण इथे सगळ्या समित्या झोपतात.)

संगीतकार पेटीवर चाल बसवतो. त्या चालीभोवती व्हायोलिनं कुठे उठतील, ट्रम्पेट कुठे शिरेल, दोन कडव्यांच्या मधला तुकडा कसा असेल, हे कागदावर उतरवणारा माणूस वेगळा असतो. मुंबईच्या स्टुडिओंत हे काम करणाऱ्यांत गोव्याची माणसं खूप होती, आणि त्याला कारण होतं. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. समोर कागद ठेवला की ही मंडळी तो पहिल्याच फटक्यात वाजवत, आणि शंभर वादकांचा ताफा एका रेकॉर्डिंगला बसवायचा तर त्यावाचून गत्यंतर नव्हतं. शंकर-जयकिशनच्या मागे सेबॅस्टियन डिसोझा होते. सी. रामचंद्रांचा १९५१चा ‘अलबेला’ वाजता ठेवणाऱ्यांत ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत यांना बहुधा जागा नसे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८मध्ये गोन्साल्विसांनी भारतीय संगीतासाठी सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, साठच्या दशकात अमेरिकेला गेले, पुढे गोव्याला परतले आणि २०१२ साली वारले. मधल्या काळात, १९७७ साली, शिष्याने ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचं नाव एका गाण्यात घातलं. अमिताभ मोठ्या अंड्यातून बाहेर आला आणि ते नाव देशभरातल्या पोरासोरांच्या तोंडी बसलं. हा खराच कुणी माणूस आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. आमच्या समितीतही दाजी सोडून कुणाला नव्हतं.

हो, दाजींना होतं. हे लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे. गाण्याचं मुखड्याआधीचं संगीत सुरू झालं की दाजी बोट वर करतात आणि सांगतात: हे सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, हा अकॉर्डियन केर्सी लॉर्डचा. पुण्याच्या इनॉक डॅनियल्सांचं नाव ते स्वतःच्या काकाचं घ्यावं तसं घेतात. गायकांवरून भांडतात, वादकांवरून गप्प बसून ऐकतात. बँकेत आयुष्यभर लोकांच्या नावावर रकमा चढवल्या, त्यामुळे कुणाच्या खात्यात काय जमा व्हायचं राहिलं हे त्यांना बरोबर समजतं.

कलम ६. सत्कार वेळेत करावा. सुलोचना चव्हाणांना पद्मश्री २०२२ साली मिळाली; त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. लावणी त्याआधी अनेक दशकं त्यांच्या आवाजात वाजत होती. सरकारला ऐकू यायला वेळ लागला.

कलम ७. ‘दर्जा’ आणि ‘अभिरुची’ हे शब्द सभेत उच्चारणाऱ्याला पुढचा चहा देऊ नये. प्रल्हाद शिंदे यांचं नाव निघालं की हे शब्द हटकून निघतात. त्यांची विठ्ठलाची गाणी आषाढीला रस्तोरस्ती लागतात आणि भीमगीतं १४ एप्रिलला वस्तीवस्तीत. २००४ साली ते गेले, पण लाउडस्पीकरला ते ठाऊक नाही. घराघरांत वाजतो तो माणूस लोकप्रिय नसेल, तर मग कोण? आमच्याकडे मात्र एक सभासद खाली बघून म्हणाले, ‘त्यांच्यासाठी वेगळा विभाग करू.’ म्हणजे जिन्याखाली. मला राग आला आणि मी मार्गदर्शिकेची भाषा सोडून चार शब्द बोललो. दाजी माझ्या बाजूने उभे राहिले, मुदतीचा मुद्दा न काढता. यादीत नाव गेलं, मुख्य भिंतीवर.

कलम ८. चौकटी एकाच मापाच्या असाव्यात. लहान-मोठ्या केल्या की वाद पुन्हा कलम १पासून सुरू होतो.

कलम ९. तसबिरीसाठी छायाचित्र मिळवणे. गायकांचे फोटो ढिगाने मिळतात. वादकांचे मिळाले तर रेकॉर्डिंगच्या गर्दीत, अर्धा चेहरा मायक्रोफोनमागे. फोटोवाल्याने कापून मोठा करायचे दर सांगितले आहेत. खजिनदार आजारी असल्याने मंजुरी पुढच्या सभेत. तोवर दाजींनी त्या जागांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. अक्षर बँकेतलंच, खालच्या ओळीत वाद्य लिहिलेलं.