'पाहिजे' अनियमित नाही

व्याकरणाचं कुठलंही परीक्षोपयोगी पुस्तक उघडा. आहे, नाही, नको, नये यांच्या रांगेत 'पाहिजे' उभं असतं, वर शिक्का: अनियमित क्रियापद. पोरं यादी पाठ करतात, एक गुण मिळवतात, विषय संपतो. हा शिक्का चुकीचा आहे.

'पाहिजे' हे 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप आहे, आणि त्याच्या काळात ते अगदी नियमित होतं. संस्कृतात क्रियते, महाराष्ट्री प्राकृतात करिज्जइ, जुन्या मराठीत करिजे. त्याच साच्यातून कीजे, दीजे, बोलिजे, जाणिजे निघाले. लीळाचरित्रात, ज्ञानेश्वरीत ही रूपं पानोपानी आहेत. शिवकालीन पत्रांतही 'जाणिजे' भेटतं. पुढे 'केले जाते' ही रचना रुळली आणि 'इजे' मागे पडलं. रोजच्या बोलण्यात तगली ती मुख्यतः दोन रूपं: म्हणजे आणि पाहिजे. हिंदीतलं 'चाहिए' याच घराण्यातलं.

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारात कुणी म्हणतो, 'मला आंबे पाहिजेत.' मागणारा एकटा, तरी क्रियापद अनेकवचनी. कारण ते आंब्यांच्या मागे चालतं, मागणाऱ्याच्या नाही. 'पाहिजे'चा मूळ अर्थ 'पाहिलं जातं'. पाहिले जातात ते आंबे. जुनी कर्मणी रचना त्या शेवटच्या 'त'मध्ये आजही काम करते आहे.

इंग्रजीतलं 'क्वोथ', म्हणजे 'म्हणाला', केव्हाच बोलण्यातून गेलं. तरी त्याचं मूळ काय आणि मृत्युपत्रातलं 'बिक्वीद' त्याचं कोण लागतं, हे तिथला चांगला कोश सांगतो. आपलं रूप तर दिवसातून शंभरदा तोंडी येतं, आणि त्याचं कूळ मुलांना कुणी सांगत नाही.

निदान या शहरात तरी हे चालू नये. पैठण पन्नासेक किलोमीटरवर. सातवाहनांची राजधानी तिथे, ज्यांच्या हाल राजाच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती आहे. चक्रधरस्वामींचा वावर तिथे. ज्ञानेश्वरीची प्रत 1584 मध्ये शुद्ध करणारे एकनाथ तिथलेच.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. दर्जाचं तेज वर्गात पोचायचं असेल, तर 'अनियमित' खोडून तिथे 'जुने कर्मणी रूप' एवढं छापा आणि सोबत करिजे, जाणिजे ही दोन भावंडं द्या. एका ओळीचं काम आहे. पुढच्या आवृत्तीत झालंच पाहिजे.