ताशी पाच किलोमीटर

चढावर माउंटन बाइकचा वेग ताशी पाच किलोमीटर असतो, आणि पुण्यातल्या निवृत्त गृहस्थाचाही तेवढाच असतो. वेताळ टेकडीवर सायकल चढवणाऱ्याच्या हालांचं मूळ या योगायोगात आहे.

हिशोब सरळ आहे. माझ्या सायकलीला पुढे ३२ दात्यांची चकती, मागची सगळ्यात मोठी ५१ दात्यांची. या सर्वांत हलक्या गिअरवर पेडलचा अख्खा फेरा मारला की २९ इंची चाक जेमतेम दीड मीटर सरकतं. मिनिटाला साठ फेरे मारले की झाले पाच किलोमीटर. याहून हळू गेलं तर तोल जातो, जोरात जायचं तर फुप्फुसं उसनी आणावी लागतील.

एवढ्यात पांढरे बूट घातलेले, हातात काठी घेतलेले एक काका शेजारी येतात आणि बरोबरीनं चालू लागतात. ते गप्पांच्या मूडमध्ये असतात.

"कितीला पडली?"

"अठ्ठ्या..."

"अठरा? महागच की!"

मी अठ्ठ्याऐंशी म्हणणार होतो, पण पुढची अक्षरं दमात विरली. विरली ते बरंच झालं. घरीही अठराच सांगितलेत.

वाट मुरमाची, त्यावर सुटी खडी. पेडलवर उभं राहून जोर लावावा तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून सीटच्या पार टोकावर बसून छाती हँडलवर झुकवायची. या आसनात माणूस फार विनम्र दिसतो, त्यामुळे सल्ले भरपूर मिळतात. "गिअर बदला." "नागमोडी घ्या." "उतरा आता."

या खेळाचे आद्यपुरुष शहाणे होते. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली चार्ली केली वगैरे मंडळींनी एका डोंगरउतारावर शर्यती सुरू केल्या. सायकली जुन्या, जडशीळ. उलटं पेडल मारलं की मागच्या चाकाला ब्रेक लागायचा. तीनेक किलोमीटरांत चारशे मीटर उतरेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि ते नव्यानं भरावं लागे, म्हणून त्या वाटेचं नावच 'रिपॅक' पडलं. आणि चढ? वर जाताना बऱ्याचदा सायकली ट्रकमध्ये टाकून नेत. ही माहिती मी काकांना देणार नाही. ते म्हणतील, "मग तुम्ही का नाही आणला ट्रक?"

वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर. तिथे पोचून पाणी प्यायलो की उतार. पेडल आडवी, बूड मागे, दोन्ही ब्रेकांवर एकेक बोट, नजर दगडावर नाही, दगडाशेजारच्या वाटेवर. कारण नजर जाईल तिथे चाक जातं. खरं सुख इथंच असतं, आणि नेमकं ते बघायला एकही काका नसतो. वारा कानात भरतो, शॉक खाली-वर होतो, मी पंचविशीत जातो.

आणि वळणावर, ऐन वाटेत, दुर्बिणी घेतलेली पाच-सहा माणसं ओठांवर बोट ठेवून उभी असतात.

धुळीनं माखलेले डिस्क ब्रेक दाबले की केकाटतात. तसे ते केकाटतात. क्षणभरानं टेकडीवरच्या खाणीच्या बाजूनं मोर ओरडून उत्तर देतो. दुर्बीणवाल्या मावशींचा चेहरा उजळतो आणि त्या वहीत लिहितात : मोर, दोन.